बेटावरचे पाणी, बेटावरची वाळू

तृतीय वर्ष कला (भूगोल)

आमचे घर देवबागला. ज्यांनी देवबाग पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे, वाळूची एक लांबट जीभ समुद्रात शिरली आहे. तिच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर माड, घरे आणि एक रस्ता. दोन्हीकडे खारे पाणी, आणि तरीही आमच्या परसातल्या बावीचे पाणी गोड. ह्यात नवल करण्यासारखे काही आहे असे लहानपणी कधी वाटलेच नाही. बाव आहे म्हणजे पाणी असणारच, एवढीच आमची समजूत.

नवल वाटले ते पाणी बिघडल्यावर. घराला लागून आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. त्या चालल्या म्हणून आणखी दोन बांधल्या. न्हाणीघरांत फवारे आले, गच्चीवर टाकी आली, रहाट जाऊन मोटर आली. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, चारही खोल्या भरलेल्या असताना, सकाळचा चहा खारट लागला. पाहुण्यांना वाटले दूध नासले असावे. आजीला मात्र काय झाले ते कळले होते. मोटर बसवली तेव्हाच ती म्हणाली होती, "पाणी गोड आसा म्हणान वाट्टेल तितक्या उपसूचा नसता." तेव्हा कोणी लक्ष दिले नव्हते. पुढे पाऊस पडला, पाणी सुधारले आणि घरातले सगळे तो चहा विसरले. मी विसरलो नाही. महाविद्यालयात आल्यावर भूगोलाच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी फळ्यावर एक आकृती काढून दाखवली. त्या आकृतीमागून वाचीत वाचीत मी देवबागहून पार मालदीवपर्यंत पोहोचलो. त्या वाचनाचा हा गोषवारा.

वाळूत मुरलेले पावसाचे पाणी समुद्राच्या पाण्याहून हलके असते. फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा, पण तेवढा पुरतो. गोडे पाणी खाऱ्यात लगेच मिसळून न जाता त्याच्यावर तरंगत राहते. बेटाच्या मध्यभागी त्याचा थर जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत जातो, म्हणून त्याला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. ह्याचा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन घायबेन ह्या डच अभियंत्याने आणि १९०१ साली हर्झबर्ग ह्या जर्मन अभियंत्याने स्वतंत्रपणे मांडला. समुद्रसपाटीच्या वर हे गोडे पाणी जितके उचललेले असते, त्याच्या सुमारे चाळीस पट ते खाली उतरलेले असते. वर एक वीत, तर खाली चाळीस विती. ऐकायला हा हिशेब फार उदार वाटतो, पण तो उलटाही चालतो. वरची पातळी एक वीत खाली गेली की तळचे खारे पाणी यथावकाश चाळीस विती वर चढू पाहते. शिवाय लहान बेटावर भरतीओहोटी दोन्ही पाणी सतत घुसळत असते, त्यामुळे प्रत्यक्षातले भिंग कागदावरच्या भिंगापेक्षा बरेच पातळ निघते. रहाटाने थोडेथोडे पाणी काढले तर ते भिंग सावरते. मोटरीने एकाच जागी झपाट्याने उपसा केला तर नेमके त्या विहिरीखालीच खारे पाणी शंकूसारखे उठते. आमच्या चहात आले ते हेच.

देवबाग निदान एका टोकाने जमिनीला जोडलेले आहे. अगदीच अडले तर बाहेरून टँकर येईल. चहूकडे समुद्र, जवळपास नदी नाही, डोंगर नाही, बेटाची रुंदी काही शे पावले आणि उंची माणसाच्या उंचीएवढी, अशा ठिकाणी काय होत असेल? लक्षद्वीप आणि मालदीव ही अशीच बेटे. ती आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त उद्रेकातून आपल्या सह्याद्रीचा काळा खडक ओतला गेला, त्याच पृथ्वीच्या पोटातल्या उष्ण जागेवरून पुढे भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत गेले आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची एक रांग उरली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही ह्याच रांगेवर आहेत. ती उष्ण जागा आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. म्हणजे पाळण्याच्या हिशेबाने सह्याद्री थोरला भाऊ आणि मालदीव धाकटा.

धाकटा मात्र कधीच पाण्याखाली गेला. ज्वालामुखी थंड होऊन खचत गेला आणि त्याच्या काठाने प्रवाळ वर वर वाढत राहिले. डोंगर बुडाला तरी कडे उरले, असा कंकणाकृती प्रवाळद्वीपांचा उलगडा डार्विनने १८४२ साली केला होता. १९५२ साली पॅसिफिक महासागरातल्या एनिवेटॉक द्वीपावर खोल छिद्र घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटरहून अधिक जाडीच्या चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. एवढी चुनखडी कोणी रचली? प्रवाळ नावाच्या, बहुतेक टाचणीच्या डोक्याएवढ्या जिवांनी.

आता वाळू. आपल्याकडची बरीचशी वाळू नद्या डोंगरातून आणतात. प्रवाळबेटावर नदीच नाही, तेव्हा तिथली वाळू तिथेच तयार व्हावी लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मालदीवमधल्या वक्करू बेटाभोवतीच्या प्रवाळखडकाचा जमाखर्च मांडला आहे. वाळूच्या आकाराचे जे नवे कण तिथे तयार होत होते, त्यांतले पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक एकट्या पोपटमाशांच्या पोटातून आलेले होते. हा मासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो, त्यावरचे शेवाळ पचवतो आणि उरलेला चुरा मागे टाकतो. पाहुणे ज्या शुभ्र वाळूवर पहुडतात ती मुख्यत्वे माशांची विष्ठा आहे. (हे वाक्य संपादक मंडळाने गाळू नये, ही नम्र विनंती. शास्त्रीय आहे.)

ही वाळू एका जागी बसतही नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात ती बेटाच्या एका बाजूहून निघून दुसऱ्या बाजूला जाते आणि ईशान्य वाऱ्यात परत येते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आषाढात समुद्राने नेलेली पुळण दिवाळीनंतर हळूहळू परत येते हे आम्ही दरवर्षी पाहतो. मालदीवमधल्या लहान बेटांवर मात्र वर्षभरात सबंध किनाराच जागा बदलतो. बेट म्हणजे जमिनीचा तुकडा नसून वर्षाला एक हेलपाटा घालणारा वाळूचा ढीग आहे असे म्हटले तरी चालेल.

एवढी प्रस्तावना लांबली, पण तिच्याशिवाय पुढचे कळले नसते. पर्यटक ज्या तीन गोष्टींसाठी बेटावर येतो, म्हणजे पांढरी वाळू, निळे उथळ पाणी आणि रंगीत मासे, त्या तिन्ही गोष्टी प्रवाळखडक घडवीत असतो, आणि बेटावर जगायला लागते ते पाणी त्याच खडकाच्या चुऱ्यात साठते. ह्या कारखान्यावरच हॉटेल बांधायचे असते.

मालदीवमध्ये पहिले पर्यटनस्थळ १९७२ साली सुरू झाले. कुरुंबा हे त्याचे नाव, खोल्या तीस. त्या वर्षी सगळ्या देशात मिळून हजाराच्या आसपास पाहुणे आले. २०२४ साली ही संख्या वीस लाखांच्या वर गेली. देशाची सगळी जमीन अवघी तीनशे चौरस किलोमीटर, ती सुमारे बाराशे बेटांत वाटलेली, आणि सरासरी उंची दीड मीटर. ह्या पर्यटनाने काहीच भले केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मासे आणि नारळ ह्यांखेरीज फारसे काही नसलेला हा देश २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला, तो मुख्यतः पाहुण्यांच्या पैशावर. शाळा, दवाखाने, बोटी त्यांतूनच आल्या. आमच्या घरातही माझी आणि बहिणीची फी त्या चार खोल्यांतूनच भरली गेली, तेव्हा मी कोणत्या तोंडाने पर्यटनाला नावे ठेवू?

तिथे सुरुवातीला एक शहाणपणाचा नियम होता : एक बेट, एक हॉटेल, आणि तेही निर्मनुष्य बेटावर. गर्दी विखुरली जावी आणि गावांच्या राहणीला धक्का लागू नये हा हेतू. तो पुष्कळ अंशी साधलाही. (२००९ नंतर वस्तीच्या बेटांवरही अतिथिगृहांना परवानगी मिळाली.) पण ह्या नियमाची एक दुसरी बाजू आहे. प्रत्येक बेट स्वतंत्र म्हणजे प्रत्येकाला आपला धक्का, आपले वीजयंत्र, आपले पाणी, आपला मैला आणि आपला कचरा. एका बेटाचे ओझे दुसरे वाटून घेत नाही.

बोट लागायला धक्का हवा, म्हणून खडकातून वाट फोडायची. त्या खोदकामाचा गाळ पाण्यात पसरतो आणि खडकावर बसतो. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न करते आणि त्यावर प्रवाळाची बरीच गुजराण चालते. पाणी गढूळ झाले की ह्या स्वयंपाकघरातला दिवाच मालवतो. धक्का बांधला की वाळूचा हेलपाटा अडतो. एका बाजूला ढीग साचतो, दुसरी बाजू खचते. मग खचणाऱ्या बाजूला भिंत घालायची, आणि त्या भिंतीच्या टोकाशी नवी धूप सुरू व्हायची. शेवटी खाजण सरोवराच्या तळाची वाळू यंत्राने उपसून किनाऱ्यावर ओतायची. बहुसंख्य पर्यटनबेटांवर असा काही ना काही उपाय दर थोड्या वर्षांनी करावा लागतो. देवबागच्या दगडी बंधाऱ्यांकडे पाहत वाढलेल्या मला हे वाचताना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

बांधकामाचा दगड कुठला? मालदीवमध्ये खडक नाही, म्हणून पूर्वापार प्रवाळाचेच चिरे काढीत. गावच्या घरांपुरते ते चालत होते. १९७० नंतर राजधानी माले वाढू लागली, हॉटेले उठू लागली, आणि उथळ खडकांवरून इतके प्रवाळ निघाले की ते खडक वर्षानुवर्षे भरून आले नाहीत. पुढे ह्यावर निर्बंध आले. प्रवाळाची ही भित्ती लाटांचा बहुतेक जोर बाहेरच मोडते. ती ठेंगणी झाली की लाट थेट अंगणात येते. १९८७ साली मोठ्या लाटा मालेत शिरल्या, त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांचा बांध घालण्यात आला. निसर्ग जे फुकट करीत होता ते पैसे मोजून करावे लागले.

पाण्याची कथा तर माझ्या बावीचीच, फक्त मोठी. मालेच्या पोटातले भिंग उपशाने आणि मैल्याने असे बिघडले की १९८८ पासून समुद्राचे पाणी गोडे करून पुरवावे लागले. ह्यात दोष पर्यटनापेक्षा दाटीचा अधिक, हेही सांगितले पाहिजे. पर्यटनबेटे आपापली यंत्रे चालवतात. यंत्राला तेल लागते, तेल बोटीने येते, आणि मीठ काढून उरलेले दाट खारे पाणी पुन्हा समुद्रात जाते. मैल्याचे पाणी नीट शुद्ध न करता सोडले तर त्यातल्या खताने शेवाळ माजते आणि ते प्रवाळाची जागा बळकावते. आणखी एक गंमत वाचली. उथळ पाण्यात उगवणारे समुद्रगवत वरून काळे डाग दिसते. जाहिरातीतले पाणी एकसारखे निळे असते, म्हणून कित्येक ठिकाणी ते गवत उपटून टाकीत. त्या गवताची मुळे तळची वाळू धरून ठेवतात, त्यात माशांची पिल्ले वाढतात आणि कासवे चरतात. २०१९ साली तिथे हे गवत वाचवण्याची मोहीम झाली आणि काही हॉटेलांनी ते न उपटण्याचे कबूल केले.

कचऱ्याचे काय करायचे ह्या प्रश्नाला मालदीवने दिलेले उत्तर म्हणजे थिलाफुशी. मालेपासून सात किलोमीटरवर एक उथळ खाजण होते. तिथे मालेचा आणि हॉटेलांचा कचरा टाकायचे १९९१ च्या डिसेंबरात ठरले आणि महिन्याभरात बोटी जाऊ लागल्या. कचऱ्याने भरून काढता काढता तिथे जमीनच झाली, जमिनीवर कारखाने आणि गोदामे झाली. अनेक वर्षे तिथला कचरा उघड्यावर जळत असे आणि विमानाने उतरणाऱ्या पाहुण्याला स्वर्गाच्या दारातच धुराचा लोट दिसे. पाहुणा आठवड्याने घरी जातो, त्याची बाटली तिथेच राहते.

इथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे. प्रवाळांवर कोसळलेले सर्वांत मोठे संकट पर्यटनाने आणलेले नाही. १९९८ साली समुद्राचे पाणी तापले, प्रवाळांनी आपल्या पोटातले शैवाल बाहेर टाकले, ते पांढरे पडले, आणि मालदीवच्या उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ मेले. २०१६ साली तेच पुन्हा झाले. हे तापणे साऱ्या जगाच्या धुराचे फळ. विमानाचा धूर त्यात आहे, पण आमच्या मोटरीचाही आहे. मग भिंती, मैला, गाळ ह्यांची एवढी चर्चा कशाला? तर तापातून उठण्यासाठी. निरोगी माणूस हिवतापातून उठतो, उपाशी माणूस उठत नाही. स्वच्छ पाणी आणि पुरेसे मासे असलेल्या ठिकाणी खडक दहाबारा वर्षांत बराच भरून आल्याचे दिसले आहे. समुद्र किती तापावा हे बेटाच्या हातात नाही. गाळ आणि मैला किती, हे आहे.

काही देशांना थांबावे लागले. फिलिपिन्समधले बोराकाय हे जेमतेम दहा चौरस किलोमीटरचे बेट. २०१७ साली तिथे सुमारे वीस लाख पर्यटक गेले, आणि मैला थेट समुद्रात जाऊ लागल्यामुळे सरकारने एप्रिल २०१८ पासून सहा महिने बेटच बंद ठेवले. उघडल्यावर एका वेळी सुमारे एकोणीस हजार पाहुण्यांची मर्यादा घातली. थायलंडमधला माया उपसागर एका चित्रपटाने प्रसिद्ध झाला, २०१८ साली बंद झाला आणि २०२२ च्या जानेवारीत उघडला तो होड्यांना आत येण्याची बंदी घालूनच. मधल्या काळात तिथे लहान काळपंखी मुशी परतल्या. दोन्ही ठिकाणी किती माणसे चालतील हा प्रश्न आधी विचारता आला असता.

तो प्रश्न आज आपल्या देशात उभा आहे, म्हणून हा लेखप्रपंच. लक्षद्वीपची छत्तीस बेटे मिळून बत्तीस चौरस किलोमीटर भरतात, मालवण तालुक्याच्या पासंगालाही न पुरणारी. त्यांपैकी दहांवर वस्ती. २०११ च्या जनगणनेत तिथे ६४,४७३ माणसे होती, म्हणजे चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक. महाराष्ट्रात हा आकडा ३६५ होता. मालदीवमध्ये वीस लाख जातात तर लक्षद्वीपला का नकोत, असे वर्तमानपत्रांतून विचारले जाते. ह्याचे साधे उत्तर असे, की मालदीवजवळ देण्यासारखी शेकडो रिकामी बेटे होती. लक्षद्वीपजवळ ती नाहीत. जी निर्मनुष्य बेटे आहेत तीही स्थिर नाहीत. बंगाराम द्वीपसमूहातले पराळी नावाचे एक चिमुकले बेट धुपून संपूर्ण नाहीसे झाल्याचे २०१७ साली एका संशोधकाने दाखवून दिले. पाण्याची ओढ इतकी की कवरत्तीला २००५ साली समुद्राच्या खालच्या थरातले थंड पाणी वापरून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी करणारे संयंत्र बसवावे लागले.

तिथला प्रवाळही थकलेला आहे. १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन मोठे ताप त्याने काढले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथे चोवीस वर्षे चाललेल्या अभ्यासात जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे सदतीस टक्क्यांवरून एकोणीस टक्क्यांच्या आसपास उतरलेले आढळले. आणि ह्यावर फक्त देखावा अवलंबून नाही. तिथला कोळी कुपा मासा जाळ्याने ओढीत नाही, काठी आणि गळाने एकेक पकडतो. त्यासाठी जिवंत चारा लागतो, आणि तो चारा, म्हणजे बोटभर लांबीचे चंदेरी मासे, खाजणातल्या प्रवाळांच्या आडोशाला मिळतो. सकाळी खाजणात चारा धरायचा, मग बाहेर खोल समुद्रात कुप्यावर जायचे. खाजणात गाळ झाला तर आधी चारा जाईल, मग कुपा, मग तो उकडून, धुरावून, वाळवून वर्षभर खायचा आणि विकायचा मास. पाण्यात खांब रोवून त्यांवर पाहुण्यांचे बंगले बांधण्याच्या योजना सुहेली, कदमत आणि मिनिकॉयसाठी पुढे आल्या आहेत, त्या ह्याच खाजणांत.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीने २०१४ साली प्रत्येक बेटाचे एकत्रित व्यवस्थापन कसे असावे ह्याविषयी शिफारशी केल्या होत्या. बेटाची पेलण्याची ताकद आधी मोजावी आणि मग बांधावे, हा त्यांचा गाभा. मला हे इतके उघड वाटते की त्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागावे ह्याचेच आश्चर्य वाटते. पण मग आमच्या बावीची ताकद आम्ही तरी कधी मोजली होती?

सरांच्या सांगण्यावरून गेल्या जानेवारीपासून मी ती मोजू लागलो आहे. सुतळीला गाठी मारून दर रविवारी पाण्याची पातळी पाहतो आणि आजी चव घेऊन सांगते. वहीत दोन रकाने आहेत, एक गाठींचा आणि एक आजीचा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आजीच्या रकान्यात "जरा मचूळ" असे पडले तेव्हा वडिलांनी मोटर सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास एवढीच चालवायचे कबूल केले आणि मागच्या दोन खोल्या मे अखेरपर्यंत देऊ नयेत असे ठरले. त्यांना ते मनापासून पटलेले नाही. शेजारच्यांनी ह्याच महिन्यात दुसरा मजला चढवला आहे, आणि त्यांची बाव आमच्या बावीपासून वीस पावलांवर आहे.